भोंगा वाजला की खाली उतरायचं

सरकारचं म्हणणं होतं की माझी बहीण सूचना न पाळल्यामुळे मेली. सूचना न पाळणारी बाई, आणि भागीरथीआक्का! कुठल्या तोंडाने बोलतात हे लोक, देव जाणे.

मी राजेंद्र. अंबरनाथला फॅक्टरीत चौतीस वर्षं काढली. भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो. आमच्यासारख्यांचं एक असतं, भोंगा वाजला की आधी पाय हलतात, डोकं मागून येतं. रिटायर झाल्यावर बदलापूरला नदीकडेच्या चाळीत खोली घेतली. खाली सहा खोल्या, वर सहा. मी खाली, आक्का वर. तिचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे ती जिना सहसा उतरायची नाही. तिचा मुलगा प्रज्वल फौजेत, सीमेवर.

उन्हाळ्यात युद्ध सुरू झालं. टीव्हीवर आपण रोज जिंकत होतो. प्रज्वलच्या फोनवर मात्र वेगळंच ऐकू यायचं. त्याच्या चौकीमागच्या गावावर तोफगोळे पडले तेव्हा तिथे भोंगा वाजलाच नाही. बंकर कागदावर बांधून झालेले, म्हणून लोक गुरांच्या गोठ्यात लपले. आणि इकडे, जिथे शत्रूचा पतंगसुद्धा पोचला नसता, तिथे सरकारने नवाकोरा भोंगा बसवला आणि आठवड्यात तीन सराव घेतले. मला स्वयंसेवक केलं, केशरी जाकीट दिलं. सांगायला लाज वाटते, पण मी फुगलो होतो.

भोंगा वाजला की दिवे घालवायचे, मेन स्विच पाडायचा, वरच्यांनी तळमजल्यावर यायचं, दार लावून बसायचं आणि कुणी हाक मारली तरी उघडायचं नाही. शिकवायला आलेल्या हेमचंद्र साहेबांना मी विचारलं, "साहेब, आमच्याकडे नदी भरते. पाण्यासाठी कुठला भोंगा?"

"अहो, इथे वॉर चालू आहे आणि तुम्ही पाण्याचं काय काढलंत? ते पावसाळ्यात बघू."

मी मान डोलावली आणि जाकिटाची चेन वर ओढली.

पहिल्या सरावाला आक्का उतरलीच नाही. मी खालून सगळ्या चाळीसमोर ओरडलो, "तुझा पोरगा तिकडे गोळ्यांखाली आणि तुला बारा पायऱ्या जड झाल्या काय गं?" दुसऱ्या सरावाला कठडा धरून, प्रत्येक पायरीवर बसत बसत उतरली. तिसऱ्याला सगळ्यांच्या आधी निघाली आणि खाली येऊन म्हणाली, "बघ रे राजा, पास झाले का?"

आमच्या चाळीला आदर्श वस्तीचं प्रशस्तिपत्र मिळालं.

मग युद्ध थांबलं. का सुरू झालं आणि का थांबलं हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. जुलै आला. पाण्याचं कुणी बघितलं नाही, आणि मीही परत विचारलं नाही.

त्या दिवशी मी उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, ते प्रशस्तिपत्र फ्रेम करून आणायला गेलो होतो. दोन दिवस पाऊस कोसळत होता. दुकानातल्या टीव्हीवर पुन्हा सीमेवर तणाव, पुन्हा शत्रू. संध्याकाळी सहाला आक्काचा फोन आला. मागे भोंगा वाजत होता.

"राजा, भोंगा थांबतच नाय रे. उतरू काय खाली?"

समोर रस्त्यावर गुडघाभर पाणी दिसत होतं मला. तरी तोंडातून निघालं, "उतर. मेन स्विच पाड, माझ्या खोलीत जा, कडी लाव. कुणी हाक मारली तरी उघडू नकोस."

"बरं," म्हणाली. का, म्हणून विचारलंसुद्धा नाही.

वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते, म्हणून तोच भोंगा वाजवला होता. चाळीतले बाकीचेही खाली उतरले होते, पण उंबऱ्यावरून पाणी आत आलं तसे धावत वर गेले. त्यांनी आक्काला हाका मारल्या, दार बडवलं. तिने उघडलं नाही. पुढे पाण्याच्या जोराने ते उघडेना. होड्या दुसऱ्या दिवशी आल्या, पाहणीसाठी, कॅमेऱ्यांसकट.

पंधरा दिवसांनी चौकशीला बोलावलं. प्रज्वल रजेवर आला होता, तोही बरोबर आला. हेमचंद्र साहेबांनी माझा जबाब आधीच टाईप करून ठेवला होता. 'इशारा वेळेवर देण्यात आला. मृत महिला सूचना न पाळता तळमजल्यावर गेली.' सही केली की मी मोकळा.

"माझ्या आईने सूचना पाळली नाही?" प्रज्वलचा आवाज चढला. "तिला साधं उतरता येत नव्हतं साहेब. ती कशाला खाली जाईल?"

"तेच तर आम्ही विचारतोय."

फोनचं मी कुणालाच बोललो नव्हतो. प्रज्वलला तर नाहीच.

"तिने पाळली," मी म्हणालो. "मला फोन करून विचारलं तिने. मीच म्हटलं, खाली उतर. दार उघडू नको, हेही मीच म्हटलं."

प्रज्वलने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

हेमचंद्र साहेबांचा चेहरा एकदम खुलला. "असं होय! मग एवढंच लिहून द्या की."

"भोंगा एकच होता तेही लिहा. पाण्याचं मी विचारलं होतं, तेही."

"ते वेगळ्या कागदावर घेऊ."

"मामा, सही करू नका," प्रज्वल म्हणाला. "त्यांना बळीचा बकरा पाहिजे."

मला का ते कळत नव्हतं? पण आक्काने ऐकलं होतं, हे त्या एकाच कागदावर येणार होतं. मी सही केली. वेगळा कागद अजून यायचाय. अहवाल मात्र आठवड्यात आला. यंत्रणा सज्ज होती, स्वयंसेवकाच्या चुकीच्या सल्ल्यामुळे महिलेचा मृत्यू. जाकीट परत घेऊन गेले.

प्रज्वलला रजा संपायच्या आत बोलावणं आलं. तो बॅग भरत होता, मी दारात उभा.

"मामा," तो चेन लावता लावता म्हणाला, "तिने मला फोन केला असता ना, तर मी सांगितलं असतं, आई, वरच थांब." बॅग खांद्याला लावून तो माझ्या बाजूने बाहेर पडला. "पण मला नसता केला तिने. भोंग्यातलं सगळं माझ्या राजाला कळतं, म्हणायची."