चपलांवर लक्ष ठेव

"बाईंचा तंबू तिकडे ठोका, त्या झाडाच्या बुंध्याशी," मी नवऱ्याला म्हणाले.

"तिथे मुंग्यांचं वारूळ आहे गं."

"डोळे आहेत मला."

नवऱ्याने घण खाली ठेवला. "म्हातारं माणूस आहे. आपल्या पोरांना शिकवायला आलंय. काय घोडं मारलंय तिने तुझं?"

"सांगितलंय तुम्हाला, लग्न झालं त्याच वर्षी. चपलांचं."

तो हळूच म्हणाला, "ही ती?"

"तीच. बोलताना चुटकी वाजवते ना, तीच चुटकी. केस पिकले म्हणून मी ओळखणार नाही होय?"

"अगं, पण इतक्या वर्षांनी... जाऊ दे ना. म्हातारी झाली ती."

"मग मी काय तरुण होतेय?"

त्याने घण उचलला आणि मुकाट्याने वारुळाच्या कडेला खुंटी ठोकली.

आमचा फिरता मेळा. एका गावी पंधरा दिवस, फार तर महिना, की सगळं खोलायचं, ट्रकवर चढवायचं आणि पुढचं गाव गाठायचं. आकाशपाळणा आमचा. लाकडी विहिरीत मोटारसायकल फिरवणारा एक, बंदुकीने फुगे फोडायचं दुकान मांडणारी एक, आणखी दोन-चार कुटुंबं. पाळण्यावर माझी कामं दोन. ब्रेकचा दांडा ओढायचा आणि वर बसलेल्यांच्या चपला सांभाळायच्या. चपला घालून वर कुणाला सोडत नाही आम्ही. उंचावरून निसटली तर खाली कुणाचं तरी डोकं फुटायचं.

मेळ्यातली पोरं डझनभर, आणि अक्षराच्या नावाने सगळ्यांची बोंब. कुठल्याशा संस्थेच्या डोक्यात आलं, की ही पोरं शाळेत टिकत नाहीत तर शाळेनेच त्यांच्यामागे फिरावं. भिंती नकोत, फळा नको. जिथे मुक्काम पडेल तिथली माती, झाडं, पाखरं हाच अभ्यास. एक वर्ष करून बघायचं ठरलं. आणि ट्रकच्या केबिनमध्ये बसून वर्षभर आमच्याबरोबर हाडं खिळखिळी करून घ्यायला कोण तयार झालं? तर ही. निवृत्त झालेली, मागे-पुढे कुणी नाही. पत्र्याची पेटी आणि एक मोठं भिंग घेऊन उतरली आणि मला म्हणाली, "नमस्कार. तुम्ही कुणाच्या आई?"

मी म्हणाले, "भिंगरीची." भिंगरी म्हणजे माझी लेक. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला तेच म्हणतात.

"वा! छान," ती म्हणाली आणि चुटकी वाजवली. त्या आवाजासरशी मी तिला ओळखलं.

मी आठ वर्षांची होते तेव्हा. वडिलांचा हाताने फिरवायचा छोटा पाळणा होता. एका गावी मुक्काम लांबला, म्हणून त्यांनी मला हाताला धरून शाळेत नेलं. या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही काय, आज इथे, उद्या तिथे. हिला वर्गात बसवून करू काय? बस तिथे ओसरीवर. चपलांवर लक्ष ठेव." झालं माझं शिक्षण. आत पोरं ओरडून आकडे म्हणायची, मी बाहेर चपलांच्या रांगेपुढे बसून त्यांच्यामागे म्हणायची. आवाज चढला की आतून चुटकी वाजायची. "ए, तू गप्प."

एक दिवस दुकानदाराच्या मुलीचे नवे लाल सँडल नाहीसे झाले. बाई बाहेर आल्या. सगळ्या वर्गादेखत माझी पिशवी उलटी केली. पाटी पडली, कंगवा पडला. सँडल नव्हते, तरी चोर मीच. वडिलांना बोलावणं गेलं. त्यांनी काही न विचारता मला तिथेच बडवलं आणि मग बाईंपुढे हात जोडले. मार मी विसरले. ते जोडलेले हात नाही विसरले. पुन्हा कुठल्या शाळेची पायरी चढले नाही. आजही दुकानावरची पाटी वाचायची तर लेकीला हाक मारते.

तेव्हा ठोकला तंबू वारुळावर, तर काय चुकलं माझं?

सकाळी मी मुद्दाम लवकर उठून बघायला गेले. वाटलं, गाशा गुंडाळून बसली असेल. तर बाई पोरांना घेऊन पालथ्या पडलेल्या! मुंग्या चावून चावून हात सुजलेले, आणि हातात भिंग. "बघा, बघा, ही आपल्याहून मोठा दाणा ओढतेय. कुठे नेत असेल?" भिंगरी रात्री जेवताना मुंग्यांशिवाय दुसरं बोलेना. राणी मुंगी, कामकरी मुंगी, त्यांची कोठारं. मी म्हणाले, "गप जेव."

पुढच्या मुक्कामाला मी तंबू उतारावर, खोलगट जागेत टाकायला लावला. पाऊस झाला, तंबूत घोटाभर पाणी. दुसऱ्या दिवशी पोरं चिखलात बसून नद्या खणत होती. पाणी कुठून येतं, कुठे जातं, माती का वाहते. मग मी तिला जनरेटरच्या शेजारी नेऊन टाकलं. धूर आणि धडधड. झोप लागेना म्हणून ती पहाटेच उठायला लागली आणि पोरांना पाखरांचे आवाज ऐकायला घेऊन जाऊ लागली! मी जळत होते आणि ती शिकवत होती. वर आणि मला म्हणायची, "भिंगरीची आई, तुम्ही जागा फार विचार करून देता हो." टोमणा नव्हता तो. मनापासून म्हणायची. कपाळ माझं!

मध्ये तिला ताप भरला. दोन दिवस डोळे उघडेना. मीच पेज भरवली, मीच कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. मोटारसायकलवाल्याची बायको म्हणाली, "किती करतेस गं त्यांचं!" तिला काय सांगू? म्हातारी अशीच गेली असती तर माझा हिशेब कुणाकडे मागायचा?

आणि मग ते भिंगाचं झालं. ओढ्याकाठी वर्ग चालू असताना भिंग हरवलं. फुगेवाली तावातावाने म्हणाली, "त्या मोटारसायकलवाल्याच्या धाकट्याने घेतलं असणार. झडती घ्या सगळ्यांची." मी धुणं पिळत होते, ती तशीच थांबले.

बाई म्हणाल्या, "पिशव्यांना कुणी हात लावायचा नाही. उद्या सकाळी सगळे मिळून शोधू." आवाज असा, की फुगेवालीची पुढे काही बोलायची छाती झाली नाही. सकाळी भिंग गवतात सापडलं.

पोरं टाळ्या वाजवत होती आणि मला रडू फुटत होतं, संतापाने. या पोरांना ही बाई मिळाली. मला कुठली मिळाली होती? तिला एवढं शहाणपण होतं, तर माझ्या वेळी कुठे गहाण ठेवलं होतं? त्या दिवशी मी ठरवलं. मुंग्या, पाणी, धूर, हे पोरखेळ पुरे. वर्ष संपायच्या आत ती सगळ्यांदेखत बोलली पाहिजे, की मी चोर नव्हते. एकदा ती गेली, की मेले तरी कुणी मला ते सांगणार नाही. अडचण एकच होती. भिंगरीचा बाईंवर जीव. आता वाचायला लागली होती पोर, रस्त्यातल्या पाट्या मोठ्याने वाचत सुटायची. मी बाईंना बोल लावला, तर ती जन्मभर माझं तोंड बघणार नाही अशी मला भीती होती.

वर्ष सरलं. शेवटच्या दिवशी दुपारी संस्थेची गाडी बाईंना न्यायला येणार होती. संस्थेची माणसं आली की त्यांच्यापुढेच बोलायचं, असं मी मनात घोकत होते. तेवढ्यात पोरांचा घोळका बाईंना ओढत पाळण्यापाशी घेऊन आला. वर्षभर ती त्यात बसली नव्हती. उंचावर गरगरतं म्हणायची.

"बाई, तुम्हीच म्हणालात ना," भिंगरी म्हणाली, "पाखराला गाव कसं दिसतं ते वर गेल्याशिवाय कळत नाही? मग चला! मी बसते ना तुमच्याबरोबर."

"अडकवलंस की गं मला," बाई हसल्या. चपला काढल्या, जोडीने नीट ठेवल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भिंगरीची आई, चपलांवर लक्ष ठेवा हं."

तेच शब्द. तिला काही आठवून नव्हे, सहज. मी त्यांच्यापुढे दांडी अडकवली, इंजिन चालू केलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्यांची खुर्ची अगदी टोकाला गेली आणि मी ब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

"बिघडलं का काही?" वरून बाईंचा आवाज.

"काही बिघडलेलं नाही. मी थांबवलाय."

नवरा धावत आला. "अगं, काय करतेस? सोड दांडा. लेक आहे वर!"

"व्हा बाजूला! माझ्या हातून आजवर एक माणूस पडलेलं नाही आणि एक चप्पल हरवलेली नाही," मी म्हणाले आणि वर तोंड करून ओरडले, "बाई! तुमच्या शाळेच्या ओसरीवर मेळ्यातली एक पोरगी बसायची. चपला राखत. आठवते का?"

"शाळेत किती मुलं येऊन गेली हो... मला चक्कर येतेय. खाली घ्या ना."

"आठवलं की घेते."

मेळा सगळा गोळा झाला. फुगेवाली दुकान टाकून आली. वर भिंगरीचा रडवेला आवाज आला, "आई, असं काय करतेस? तू वाईट आहेस!" मी दांडा सोडला नाही. थोड्या वेळाने तिचाच आवाज, आता हळू, पण वाऱ्यावर सगळ्यांना ऐकू आला, "बाई, ती पोरगी म्हणजे माझी आई?"

मग बाई म्हणाल्या, "लाल सँडल होते."

"मोठ्याने!" मी ओरडले.

"लाल सँडल हरवले होते. मी तुझी पिशवी उलटी केली. सगळ्यांसमोर."

"काय निघालं?"

"पाटी. आणि कंगवा."

"आणि सँडल?"

"सापडले. दुसऱ्या दिवशीच. कुत्र्याने विहिरीमागे नेऊन टाकले होते."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते, की तिला अजूनही मीच चोर वाटते. "दुसऱ्या दिवशी? बाई, आम्ही पुढे आठवडाभर त्याच गावात होतो. तुमच्या खिडकीतून आमचा पाळणा दिसायचा!"

"दिसायचा."

"मग आला का नाहीत? माझ्या बापाने हात जोडले होते तुमच्यापुढे!"

"लाज वाटली. म्हटलं, ही माणसं जाणारच आहेत. गेली की संपलं. त्यानंतर मी कधी कुणाच्या पिशवीला हात लावला नाही."

"ते शहाणपण माझ्या पाठीवर शिकलात तुम्ही! मला काय त्याचं? एवढंच सांगा, मी चोर होते का?"

"नाही," ती ओरडली. तेवढ्या उंचावर, डोळे घट्ट मिटून, दांडी धरून ओरडली. "तू चोर नव्हतीस! चूक माझी होती!"

मी इंजिन चालू केलं आणि पाळणा सावकाश खाली घेतला. घाई केली नाही.

बाईंना उभं राहता येत नव्हतं. भिंगरीने त्यांना एका बाजूने धरलं होतं. माझ्याकडे बघत होती पोर, पण ती रागावलेली आहे की काय, ते मला कळलं नाही. बाई माझ्यासमोर आल्या. दोन्ही हात जोडायला लागल्या. मी हात आडवा केला.

"ते नको. माझ्या बापाने जोडले तेवढे पुरे झाले. चपला मोजून घ्या."

"अं?"

"चपला. सांभाळायला दिल्या होत्यात ना? मोजून घ्या."

ती गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकली. एका चपलेला बोट लावलं. "एक," म्हणाली, वर्गात म्हणतात तशी, स्पष्ट.

"एक!" मागून पोरं एका सुरात ओरडली. वर्षभराची सवय. बाईंनी आकडा म्हटला, की मागून म्हणायचं.

"दोन."

"दोन!" पोरं ओरडली, आणि त्यांच्याबरोबर मीही ओरडले, चांगली मोठ्याने. चुटकी वाजली नाही.