वरण वाढू, मिलॉर्ड?

लंडनच्या लॉ कॉलेजात पीटर आणि मी एका बाकावर बसायचो. तो तिथे हायकोर्टाचा जज झाला. मी इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये लोकांच्या घरांचे कागद करतो. सत्त्याऐंशी साली तो आमच्याकडे जेवायला आला. त्याला नुसतं 'पीटर' म्हणायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं. पण माझ्या बायकोनं, वीणानं, चांदीचं ताट त्याच्यापुढे मांडलं आणि मी पुरता गांगरलो. डाव उचलला, तर तोंडातून निघालं, "वरण वाढू, मिलॉर्ड?"

इथे येण्याआधी नागपूरच्या कोर्टात केलेली वकिली जिभेवरून जात नाही, च्यायला!

पीटर खळखळून हसला. "कॉलेजातल्या लुटुपुटीच्या खटल्यांत जज तूच व्हायचास. मिलॉर्ड मी तुला म्हणायचो!"

वीणा भारावून माझ्याकडे वळली. "अहो, किती मोठं मन आहे यांचं!"