मेव्हण्याच्या हातचा दोर

"हे कोनी खरं मानायचं नाय," चौथऱ्यावर बसता बसता पदू म्हणाला, "पन आज मी ढाकच्या कड्यावरनं पडलो आन् जित्ता आलो."

एवढ्यानं माणसं जमली. जमणारच. घाटातल्या आगगाडीला विजेचं इंजिन लागलं, तेव्हा पदूनं शेवटच्या डब्याला धरून ती गाडी थांबवली होती. निदान तो तसं सांगे, आणि ठाकुरवाडीत लोक चवीनं ऐकत. आज मात्र त्याचे डोळे लाल होते. त्याची बायको आवडी भाकरी थापता थापता दारात आली.

"नाम्यानं दोर सोडला!" पदू गरजला. "माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं!"

बायकांनी तोंडाला पदर लावला. कड्यावरचं आग्या मोहोळ काढायचं तर दोर बायकोच्या भावानंच धरायचा, हा वाडीचा रिवाज. बहिणीचं कुंकू त्या दोराला लोंबतं, म्हणून त्याचा हात ढिला पडत नाही. खालच्याची हाळी येईस्तोवर तो जागचा उठतही नाही. अशा दोराला दगा देणाऱ्याला वाडी दारात उभं करत नसे, आणि पदूला नेमकं तेच हवं होतं.

रागाचं कारण मात्र त्यानं गिळून टाकलं. सकाळी दोघं डोंगराच्या धारेनं चढले होते. समोर राजमाची उन्हात न्हालेली, खाली सुतळीएवढी नदी, आणि पाय टेकायला शेळीपुरती वाट. चढता चढता पदूनं गेल्या साली मारलेल्या वाघाची गोष्ट लावली. नामानं ती ऐकून घेतली. पण पदू दोराला लटकून कड्याच्या मध्यावर पोचला, तेव्हा वरून आवाज आला, "दाजी, तो वाघ व्हता का कुत्रा?"

"वाघ!"

दोराला जरासा हिसका बसला.

"नीट आठवा, दाजी."

शेजारी मोहोळ घोंगावत होतं, पायाखाली काहीच नव्हतं. "कुत्रा," पदू पुटपुटला.

"ऐकू नाय आलं!"

"कुत्रा व्हता रं मेल्या, कुत्रा!"

समोरच्या डोंगरानं ते उचललं आणि दरीभर कुत्रा, कुत्रा झालं. वर नामा खदखदून हसला. दोर मात्र तसूभर खाली आला नाही.

पदूच्या अंगाची लाही झाली. त्यानं कपारीत पाय रोवले, कंबरेचा दोर सोडून, वरच्याला ओझं जाणवत राहावं असा उंबराच्या मुळाला ताणून बांधला, आणि मोहोळाला हात न लावता घळीनं नदीत उतरला. काठाकाठानं दगडांना लाथा मारत तो घरी निघाला. करंजांची गार सावली होती, डोहात मासे तळपत होते. त्याला काही दिसलं नाही. नदीच्या प्रत्येक वळणावर गोष्ट तेवढी वाढत गेली.

आता ती पुरी झाली होती.

"त्यानं सोडला आन् मी खाली! पन मोहोळाच्या माश्यांना दया आली रं. समद्या माझ्या पाठीखाली शिरल्या, गोधडीवानी, आन् अल्लाद नदीत ठेवला मला."

"आन् नामा?" म्हाताऱ्या कोंडाजीनं विचारलं.

"पळाला आसंल तोंड लपवून. हितून म्होरं त्याच्या हातात दोर देऊ नगा. थुंका त्याच्या नावावर!"

कोंडाजी खरंच थुंकला. मग आणखी दोघं थुंकले. पदूला सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं.

आवडी पुढे आली. हाताला पीठ तसंच होतं. तिनं पदूला समोरून पाहिलं, मग मागं जाऊन पाहिलं.

"माश्यांचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दोर वरनं सुटला म्हनता, तर तो तुमच्यासंगं खाली याया पायजे. गाठ माझ्या भावानं मारली व्हती, आपसूक सुटायची नाय. कुठं हाय दोर?"

पदूचा हात कंबरेकडे गेला.

"खोटं! साफ खोटं! दोर तुमी सोडलाय, आन् माझा भाऊ वर उन्हात अजून तो धरून बसलाय!"