कंबोडियाहून आणलेला पिक्चर

भाग्यलक्ष्मीने कॅसेट दोनदा बाहेर काढली, फुंकर मारून पुन्हा आत सरकवली, तेव्हा कुठे पडद्यावरच्या रेघा गेल्या. व्हीसीआर कोरमंगल्याच्या दुकानातून रविवारपुरता भाड्याने आणला होता. शांतिसेनेतून परतलेला तिचा धाकटा दीर उपेंद्र हा भुताचा पिक्चर कंबोडियाहून घेऊन आला होता. त्यातली भाषा त्यालाही जेमतेमच येत होती.

पडद्यावर एका बाईचं मुंडकं धडापासून सुटलं आणि आतडी लोंबकळत उडत निघालं.

"शी! आत्ताच जेवलो आपण," सासूबाई गोजराबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

खांबांवरच्या एका घरात दुसरी एक बाई बाळंत होत होती. गावकरी घराखाली काटेरी फांद्या रचत होते.

"हे कशाला रे?"

"भूत रक्ताच्या वासावर येतं म्हणे, आई. काट्यांत त्याची आतडी अडकतात."

"शहाणी माणसं."

दिवसा मात्र मुंडकं सुटणारी ती बाई चारचौघींसारखी पाणी भरत होती. ती दिसली की लोक दारं लावून घेत.

"ही वाईट ना रे? मग रडते कशाला?"

"गोत्तिल्ला, आई. ठाऊक नाही, मलाही स्वल्पच कळतंय," उपेंद्र कानडी मिसळत म्हणाला.

"तिला बाळ बघायचंय," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

तिच्या स्वतःच्या लग्नाला अकरा वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. उपेंद्रचा मुलगा तीन आठवड्यांचा झाला, तरी तिने त्याला घेतलं नव्हतं. गोजराबाईंनी तोंडाने कधी मनाई केली नाही. ती बाळाच्या खोलीच्या दाराशी आली की त्यांना नेमकं तिच्यासाठी स्वयंपाकघरातलं काम आठवायचं.

आत बाळ रडू लागलं. त्याची आई शिवानी न्हाणीत होती. गोजराबाई त्याला घेऊन बाहेर आल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. कोणाला कोणापासून जपायचं, हेच त्यांना कळेनासं झालं. शेवटी त्यांनी बाळ पुढे केलं.

"घे."

भाग्यलक्ष्मीचे हात वर आले आणि पुन्हा पदराखाली गेले.

"नको, अत्ते," ती सासूबाईंना म्हणाली. "उद्या याला ताप आला तर? माझ्यामुळेच आला म्हणतील सगळे."

"असं काही नसतं गं!"

भाग्यलक्ष्मीने मान वर केली.

"कधीपासून, अत्ते?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.