अंगण झाडणारी बाई

"यात झेंडा कुठंय, मॅडम?" माधवरावांनी चित्रासमोर उभं राहून विचारलं.

प्रियदर्शनी बारामतीत चित्रकलेची शिक्षिका होती. कारगिलची लढाई नुकतीच संपली होती. जवानांच्या सन्मानार्थ माधवरावांनी चित्रप्रदर्शन भरवलं होतं आणि तिच्याकडं शिखरावरचा जवान मागितला होता. तिनं कोळशानं उद्ध्वस्त गाव काढलं होतं. घरं तिरप्या तुकड्यांत फुटलेली, आभाळ जमिनीत घुसलेलं. मधोमध एक बाई अंगण झाडत होती. तिचा चेहरा अर्धा समोरून, अर्धा बाजूनं.

"सगळंच वाकडंतिकडं!"

"तिथं काही सरळ राहिलं नव्हतं, सर. माझ्या वडिलांनी पाहिलंय."

तिचे वडील कचरूआबा एकाहत्तरच्या लढाईत होते. निरवांगी गावात सगळे त्यांना फौजी म्हणत, पण लढाईचं ते कधी बोलत नसत. यंदा टीव्हीवर तोफा दिसल्या तेव्हा एकदाच, जेवताना, त्यांनी त्या बाईचं सांगितलं होतं. ती अंगण झाडत होती. मागं घरच उरलं नव्हतं.

"कोपऱ्यात तिरंगा रंगवा, नाहीतर चित्र उतरवावं लागेल."

"मी काही रंगवणार नाही. उद्या आबा येतायत. त्यांनी बघितल्यावर खुशाल उतरवा."

दुसऱ्या दिवशी आबा पदकं लावून आले. चित्रासमोर कितीतरी वेळ नुसतेच उभे राहिले. प्रियदर्शनी त्यांच्या बाजूला येऊन थांबली.

"हिचं तोंड असं दोन्हीकडं का गं?"

"ती घराकडंही बघतीय आणि तुमच्याकडंही."

"व्हय," आबा हळूच म्हणाले. "तसंच बघितलं हुतं तिनं."

माधवराव त्यांना सत्कारासाठी मंचावर न्यायला आले. आबा हलले नाहीत.

"आमी हितंच थांबतो. लोकं इचारतील, त्यास्नी सांगाय नको?"

माधवराव एकटेच मंचाकडं गेले. थोड्या वेळानं त्यांनी स्वतः एक खुर्ची आणून आबांशेजारी ठेवली.

लोक पदकं न्याहाळायला येत. आबा चित्राकडं बोट करत. "ह्ये बघा. माझ्या लेकीनं काढलंय. लढाई अशी असती."

दुपारी पिंपळीच्या फुलाबाई आल्या. त्यांचा मुलगा अजून काश्मिरातच होता. आबांनी त्यांना खुर्ची दिली. त्या चित्राकडं एकटक बघत राहिल्या.

"झालं का वो तिचं झाडून?"

"न्हाय," आबा म्हणाले. "आमी निघालो, तवाबी झाडतच हुती."

फुलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आबा चित्राशेजारी ताठ उभे राहिले.