कॅप्टनची बायको

मिरान तिच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात एका पँटची चेन बदलत होती. तेवढ्यात संत्र्यांची पेटी घेऊन एक अनोळखी मुलगी आत आली.

"काकू, कॅप्टन इथेच राहतात ना?"

"कॅप्टन-बिप्टन कुणी नाही. वर माझा नवरा राहतो, तो वेल्डर होता."

"तुमचा नवरा?" मुलीचा चेहरा उतरला.

तिच्या नवऱ्याची, ब्योंग-चोलची, गोदीतली नोकरी सुटली, त्याला चार वर्षं झाली होती. मुलगा सोलला जाताना त्याचा आभासी खेळांचा हेडसेट घरीच ठेवून गेला होता. तो ब्योंग-चोलने डोळ्यांवर चढवला आणि मग उतरवलाच नाही म्हणा ना. आतल्या कुठल्याशा बेटावर तो जहाजं बांधतो, एवढंच मिरानला ठाऊक. जेवायला हाक मारली की "हं". वाटी पुढे सरकवली तरी "हं".

मुलीचं नाव दा-सोम. ती तेजॉनहून आली होती. तिचे वडील गेले तेव्हा महिनाभर हा कॅप्टन रोज संध्याकाळी त्या बेटाच्या धक्क्यावर तिच्याशी बोलत बसायचा. आता तिचं लग्न ठरलं होतं आणि लग्नात वडिलांच्या रिकाम्या खुर्चीवर त्यानं बसावं, हे विचारायला ती मुद्दाम आली होती. बेटावर कुणीतरी त्याच्या तोंडून कपडे दुरुस्तीच्या दुकानाचं आणि गावाचं नाव ऐकलं होतं, तेवढ्यावर तिनं शोधून काढलं.

"ते म्हणाले होते..." दा-सोम अडखळली. "बायको वारली म्हणून. आम्ही बेटावरच्या टेकडीवर बायकोच्या आठवणीत चेरीचं झाडही लावलंय."

"चेरीचं? म्हणजे पाकळ्यांचा नुसता सडा! मेल्यावरही मला झाडलोटच लावलीत होय!"

दा-सोमला रडू फुटलं. मिरानने तिला सोयाबीनचं सूप आणि भात वाढला, बसस्टॉपपर्यंत पोचवलं आणि मगच ती वर गेली. तिनं नवऱ्याच्या डोळ्यांवरून हेडसेट ओढून काढला.

"अहो, मी कधी मेले?"

"पहिल्याच आठवड्यात," ब्योंग-चोल म्हणाला. "कुणीतरी विचारलं, घरी कोण असतं? कुणी नाही, असं तोंडातून गेलं. सगळे इतके हळहळले... मग मागे घेता येईना."

"त्या पोरीचे वडील गेले, तर महिनाभर तिच्याशी बोललात. माझी आई गेली तेव्हा?"

तो तेव्हा काही बोललाच नव्हता.

"सांगा सगळ्यांना. आत्ता. मी इथेच बसते."

त्यानं हेडसेट पुन्हा चढवून सांगितलं. मिरानला फक्त त्याचाच आवाज ऐकू येत होता: "जिवंत आहे... हो, खोटं बोललो... नाही, ती चांगली आहे." हेडसेट काढला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. बेटावरचे निम्मे लोक निघून गेले होते. झाड मात्र तसंच ठेवायचं ठरलं.

तीन आठवड्यांनी दा-सोमच्या लग्नाची पत्रिका आली. तिच्यावर एकटीचंच नाव होतं: मिरान.

ती गेली. ठेवणीतला पारंपरिक पोशाख, निळा हानबोक, घालून तेजॉनला गेली आणि नवरीच्या आईशेजारी, वडिलांच्या खुर्चीवर बसली. संध्याकाळी परतली तेव्हा ब्योंग-चोलने भात लावून ठेवला होता. जरा करपला होता.

"पोर कशी दिसत होती?" त्यानं विचारलं.

"छान."

"आणि नवरा?"

"बुटका आहे. पण सारखा बोलतो तिच्याशी," मिरान म्हणाली आणि करपलेला भात खरवडायला बसली.