हुलग्याची तीन दरपत्रकं

मी शिक्का बोलतोय. सांगेन ते शंभर टक्के खरं, शाईची शपथ. म्हणजे एखादी गोष्ट इकडची तिकडे झाली असेल, पण एकच. बाकी खरं.

माझा जन्म नगरचा, कोर्टामागच्या एका टपरीतला. लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर उलटी अक्षरं : 'त्रुटी पूर्ततेसाठी परत'. त्याच दिवशी माझा भाऊ 'मंजूर' जन्मला. आम्ही दोघं एकाच कार्यालयात लागलो. सरकारी शेती संशोधन केंद्रांच्या खरेदीचे कागद तिथे तपासले जात. 'मंजूर' खणात झोपून राहिला, राबलो मी. अकरा वर्षांत माझी मूठ झिजून गुळगुळीत झाली. त्याच्या मुठीवरचं पॉलिश अजून तसंच.

माझे मालक मच्छिंद्र, खरेदी शाखेचे लिपिक. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. माणूस वाईट नाही. चहा आला की आधी शिपायाला देणारा. पण लेखापरीक्षण म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. मागे एका शास्त्रज्ञाने घाईत दरपत्रकाशिवाय थर्मामीटर घेतला, त्याचं उत्तर भाऊसाहेब चार वर्षं लिहीत होते. तेव्हापासून कागद दिसला की आधी त्यावर मी. मीही माजलो होतो, नाही कशाला म्हणू?

अशात जामखेडकडच्या केंद्रातून अश्विनी मॅडमची फाईल आली. त्यांना संशोधनासाठी पायलीभर काळा हुलगा, म्हणजे कुळीथ, विकत घ्यायचा होता. पाऊस नावाला पडला तरी येणारं हे जुनं वाण. आख्ख्या भागात ते आता चांगुणाबाई नावाच्या एका म्हातारीकडेच उरलं होतं, राखेत कालवून एका मडक्यात. बियाणं तिसऱ्या वर्षात गेलेलं, उगवण महिन्यागणिक घटत चाललेली. यंदा पेरलं नाही तर वाणच संपणार होतं.

भाऊसाहेबांनी फाईल वाचली आणि मला उचललं. खाली लिहिलं : तीन विक्रेत्यांची दरपत्रकं जोडावीत.

मॅडमनी कळवलं, विक्रेती एकच आहे. तसा दाखला जोडा. परत. त्यांनी दाखला जोडला. दाखल्याच्या दोन प्रती हव्यात. परत. पुढे पुढे मॅडम शेतात कमी आणि आमच्या बाकड्यावर जास्त दिसायला लागल्या.

पोळा झाला. पेरणीला आठ दिवस उरले. त्या दिवशी मॅडमच्या मागून चांगुणाबाई स्वतः आल्या, काखेत मडकं घेऊन. ते त्यांनी टेबलावर माझ्या शेजारीच टेकवलं.

"तीन दुकानं मागनारा तूच का रं?"

"मी नाही आजी, नियम मागतो."

"आन मी तिसरं दुकान आनू कुठनं? जावंकडं हुता हुलगा, तिनं घुगऱ्या करून खाल्ला. घुगऱ्याचा भाव लिवून दिला तर चालंल का?"

शिपायाला उगाच खोकला आला.

मॅडम दमून म्हणाल्या, "भाऊसाहेब, बाकीच्या जिल्ह्यांत नवं परिपत्रक लागू झालंय. बियाण्याच्या लहान खरेदीला दरपत्रकं नकोत, संशोधकाच्या सहीचा दाखला पुरे. आपल्याकडेच कसं आलं नाही?"

भाऊसाहेबांचा कप हातातच राहिला.

"आलं होतं," ते हळूच म्हणाले. "परिशिष्ट जोडलेलं नव्हतं. मी परत पाठवलं."

चांगुणाबाईंनी थोडा विचार केला. "म्हंजी सुटकेचा कागद आला, त्यात बी तू खोट काढली?"

"हो, आजी," भाऊसाहेब म्हणाले.

"लई हुशार हायस."

समोर मॅडमची फाईल उघडी होती. सवयीने भाऊसाहेबांचा हात माझ्याकडे आला. तेव्हा मी काय केलं असेल? उडी मारली. टेबलावरून थेट कपाटाखाली. तिथे एक पाल बसली होती, तिच्या पाठीवर बसून पार जुन्या दप्तरांच्या मागे. शिपायाने झाडू घालून पाहिला, पण मी कसला सापडतोय.

मग भाऊसाहेबांनी ओळखीच्या एका लिपिकाकडून मोबाईलवर परिपत्रक मागवलं, छापलं आणि स्वतः मोठ्या साहेबांपुढे नेलं. मॅडमनी उभ्याउभ्याच अर्ध्या पानाचा दाखला लिहिला. खणातून 'मंजूर' निघाला. झोपून झोपून त्याचं रबर असं कडक झालेलं की पहिला ठसा उमटेचना. दुसरा उमटला. तीन महिने अडलेलं काम चहा निवायच्या आत झालं.

पेरणीनंतर आठवड्याने मॅडमचा फोन आला. शंभरातले एकसष्ट दाणे उगवले होते. भाऊसाहेबांनी फोन ठेवला, डोळे मिटले आणि असा लांब श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

आता मी खणात असतो. खरीच त्रुटी असली तर महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर येतो. शाईचा पॅड वाळलाय. वाईट वाटतं का? छे. अकरा वर्षांत पहिल्यांदा पाठ टेकली. जोडायला हात नाहीत, तरी एक मागणं आहे : माझं रबर झिजलंय, ते कुणी बदलू नका.

आणि ती उडी खोटी. पालही खोटी. मी भाऊसाहेबांच्या मुठीत होतो, कागद बोटभर खाली होता. त्यांनी मडक्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि आपल्याच हाताने मला खणात ठेवलं. एवढं एक चांगलं काम तरी आपल्या नावावर लागावं, असं मला वाटलं, म्हणून तेवढं बनवून सांगितलं.